पट्टेवाल्याची हिरवळ

वेळणेश्वराच्या अलीकडच्या वाडीत आत्मारामच्या दारात जे काही उगवलं होतं त्याला तो हिरवळ म्हणे आणि बाकी सगळी वाडी गवत म्हणे. वाडीचं यात काही चुकत होतं असं नाही. हरळीच ती. शेतातून हरळी उपटता उपटता माणसांच्या कंबरा मोडतात, आणि हा गृहस्थ ती मुंबईहून ओल्या गोणपाटात गुंडाळून, बोटीत मांडीवर घेऊन आला होता. बोटीतल्या बायकांना वाटलं, म्हातारा एखादं नातवंड घेऊन चाललाय.

पण आत्मारामचं मन कळायचं तर आधी त्याची नोकरी कळायला हवी. मुंबईत एका बड्या साहेबाच्या बंगल्यावर तो पट्टेवाला होता. लाल पट्टा, छातीवर पितळी बिल्ला. बंगल्यापुढे ऐसपैस हिरवळ होती. संध्याकाळी साहेब आणि मडमा तिच्यावर खुर्च्या टाकून बसत, आणि पट्टेवाल्यानं चिठ्ठी न्यायची झाली तर खडीच्या वाटेनं वळसा घालून न्यायची. गवतावर पाय ठेवायचा नाही, दुसऱ्या कुणी ठेवला तर त्याला हाकलायचं. उभी हयात त्यानं त्या गवताला प्रदक्षिणा घातल्या. नोकरी सुटली तेव्हा त्यानं एकच मनाशी धरलं होतं, की आपल्या दारात आपली हिरवळ असावी आणि तिच्यावर आपण अनवाणी चालावं. हौसेला मोल नसतं म्हणतात. नसेलही, पण हौसेला जागा लागते.

जागा होती ती दोघा भावांच्या घरांमधली. थोरला भाऊ गंगाराम गलबतावर असायचा, तो दर्यातच गेला. त्याची बायको गोदूबाई मागे राहिली. भात कापून झालं की ती त्या मधल्या जागेत भाजी करी. मुळा, तांबडा माठ, वाली, शिवरात्रीनंतर पडवळ आणि दोडकी. दोन्ही घरं त्यावर जेवत. आत्माराम मुंबईहून आला आणि म्हणाला, "वहिनी, यंदापासून हितं भाजी नको." भांडण नाही, तंटा नाही. गोदूबाईनं वालीच्या काठ्या उपटल्या, मोळी बांधली आणि आपल्या मागीलदारी नेऊन टाकली. विधवेनं दिराशी भांडून राहायचं कुठे? पुढे तिची गाय सवयीनं त्या हिरवळीवर आली की आत्माराम काठी घेऊन धावे. एकदा तर त्यानं धोंडा मारला. गोदूबाई दारात उभी होती. तिनं पाहिलं आणि गाय नेऊन बांधली.

मग ते साल आलं. मुंबईत एकामागून एक गिरण्या बंद पडू लागल्या, आणि आत्मारामच्या मुलाचं, शिवाचं, काम गेलं. बोटीनं आलेल्या माणसाबरोबर त्याचा निरोप आला की शिमगा होताच बायकापोरं घेऊन तो गावी येतोय.

आत्मारामची बायको मथुरा तांदूळ पाखडत होती. सूप थांबवून ती म्हणाली, "भात पुरंल तेवढा हाय घरात. पन भाताबरोबर काय वाडू पोरांना? ता गवत शिजवू?"

हिरवळ मोडून भाजीचे वाफे करायला हवेत हे आत्मारामला कळत होतं, पण त्याहून जास्त हे कळत होतं की ज्या दिवशी तो त्या गवतात कुदळ घालील त्या दिवशी वाडी गडग्यावर, त्या दगडी कुंपणावर, बसून बघायला येईल. "काय साहेब, बाग मोडली?" असं विचारणाऱ्यांची तोंडंसुद्धा त्याला दिसत होती. या माणसाला उपाशी राहणं जमलं असतं, हसू करून घेणं जमत नव्हतं.

शिवाय मोडायचं म्हणजे खर्च. बैल नाहीत, गडी लावायला पैका नाही, आणि स्वतः खणायचं तर हरळीचा एक तुकडा मागे राहिला तरी त्याच्या पाच जागी फूट निघते. तेव्हा त्याला बापाची रीत आठवली. भाजावळ! जमिनीवर शेण पसरायचं, त्यावर तोडलेल्या फांद्यांचा पाला, त्यावर सुका पातेरा, म्हणजे गळलेली पानं, वर मातीचा पातळ थर, आणि द्यायचं पेटवून. आतल्या आत धुमसत जमीन भाजून निघते, गवताची मुळं मरतात, माती भुसभुशीत होते आणि राखेचं खत आयतं मिळतं. खर्च म्हणाल तर एक काडी.

गोम इतकीच होती की शेण गोदूबाईच्या गोठ्यात होतं. जिला धोंडा मारला त्या गाईचं शेण मागायला कोणत्या तोंडानं जायचं? आत्मारामनं ठरवलं, शेणावाचून भागवू. पातेरा मात्र त्यानं भरपूर जमवला. कुणी विचारलं की सांगे, "आंब्याच्या आळ्यात घालायला." आंब्याला एवढा पातेरा कशाला, असं कुणी विचारलं नाही. त्याला मात्र रोज वाटे की आता विचारतील. चोराच्या मनात चांदणं.

आणि दिवस त्यानं निवडला तो महाशिवरात्रीचा. त्या दिवशी सगळी वाडी वेळणेश्वराच्या यात्रेला जाते, आजाऱ्यांखेरीज घरात कुणी राहत नाही. म्हणूनच वाडीचा एक नेम होता. यात्रेच्या दिवशी चुलीबाहेर विस्तव पेटवायचा नाही. पूर्वी कधी तरी अशाच ओस दिवशी ठिणगी उडून गवती छपरांची अख्खी ओळ गेली होती, तेव्हापासून देवापुढे शब्द दिलेला. नेम मोडणाऱ्यानं शिमग्याला पालखी सहाणेवर, म्हणजे तिच्या दगडी चौथऱ्यावर, बसली की सगळ्या गावापुढे उभं राहून चूक बोलायची आणि देवापुढे नारळ ठेवायचा. तोवर पालखी त्याच्या अंगणात येणार नाही. आत्मारामला हे ठाऊक नव्हतं असं नाही. पण त्याला वाटलं, गावाचे नेम गावंढळांना. आपण काय, पेटवू आणि विझवू. लोक परत येईतो राख गार होईल, आणि सांगता येईल की कीड पडली म्हणून काल रात्रीच जाळली.

पोटात दुखतंय म्हणून तो घरी राहिला. मथुरा शेजारणींबरोबर गेली. वाडी ओस पडली तरी याचा पाय निघेना. कुणी मागे राहिलं नाही ना, हे बघत तो दोनदा वाडीभर फिरून आला. त्यात सकाळ गेली, आणि सकाळबरोबर मतलई गेली, तो डोंगराकडून येणारा हलका वारा. भाजावळ करायची ती त्या वाऱ्यात. आत्मारामनं पातेरा पसरला आणि घाईत तो वर माती टाकायला विसरला. आणि पेटवलं ते समुद्राकडच्या टोकाला, कारण तिकडून रस्त्यावरच्या माणसाला तो दिसला नसता. त्याचा बाप आधी वारा बघे आणि वारा जिकडे जातो त्या टोकाला पेटवी, म्हणजे विस्तव वाऱ्याला तोंड देत सावकाश सरके. पण बापाच्या वेळी लपायचं कुणाला होतं?

थोडा वेळ सगळं ठीक चाललं. मग समुद्राकडून खारा वारा सुटला. आगीनं मान उचलली, पेटता पातेरा वावटळीसारखा उडाला आणि गडग्यापलीकडे गोदूबाईच्या उडवीवर जाऊन बसला. उडवी म्हणजे पेंढ्याची रास. गाईचं पावसापर्यंतचं सगळं खाणं त्यात होतं. आत्मारामच्या तोंडचं पाणी पळालं. घागर घेऊन तो विहिरीकडे धावला, रहाटाचा दोर हातातून सुटला, घागर आत पडली. "धावा" म्हणून ओरडावं, तर त्याच्या तोंडून आवाज निघेना. ओरडलं तर कुणी येईल, या भीतीनं निघेना! नंतर आयुष्यभर त्याला आगीची लाज वाटली त्याहून या गोष्टीची जास्त वाटली.

न बोलावता एक माणूस आलं. गाय व्यायला झाली म्हणून गोदूबाई यात्रेला गेली नव्हती; आत्माराम वाडीभर फिरला तेव्हा ती गोठ्याच्या आत होती, त्याला दिसली नाही. ती गोठ्यातून धावत आली, एका दृष्टीत सगळं बघितलं आणि ओरडली, "भावजी, पानी नको! टाळे घ्या, टाळे!" तिनं स्वतःच आंब्याची ओली फांदी मोडली आणि झोडपायला लागली. आत्मारामही झोडपू लागला. उडवी गेलीच. पण गोठा वाचला, घरं वाचली. सगळं थंडावलं तेव्हा गोदूबाईच्या लुगड्याचा काठ जळलेला होता आणि हातावर फोड उठले होते. ती जोत्यावर बसली.

धूर यात्रेतून दिसला होता. माणसं धापा टाकत परत आली. पुढे गावकीचा मानकरी रावजी, पांढऱ्या मिशांचा, तापट. काळी पडलेली जागा आणि राखेची रास बघून त्याचा आवाज चढला.

"कुनी लावलान इस्तव? आजच्या दिसाला?"

आत्मारामनं तोंड उघडलं. खरंच उघडलं होतं. पण समोर सगळी वाडी होती.

"माझ्या हातनं झाला," गोदूबाई बसल्या जागेवरून म्हणाली. "पातेरा जाळीत होतू. भावजी व्हते म्हनून निभावला. त्यांनी इझवलान."

मग वाडीनं तिला धारेवर धरलं. एवढी वर्षं शेती केलीस, अक्कल कुठे गेली? भर दुपारी, खाऱ्या वाऱ्यात? दिराची एवढी बाग जाळलीस! आणि एकेकजण येऊन आत्मारामच्या पाठीवर हात ठेवून गेला. त्याच्या हिरवळीला हसणारेसुद्धा हळहळले. तो उभा होता, हातात आंब्याची करपलेली फांदी घेऊन. त्या वेळी बोलायला दोन शब्द पुरले असते.

रात्री त्याला जेवण गेलं नाही. मथुरा म्हणाली, "आता बागंचा दुख पुरे. आयती जागा झाली, भाजी लावू." बायकोलाही त्यानं सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळीच तो गोदूबाईच्या दारात गेला. "वहिनी, असा का केलात?"

ती गाईला पाणी दाखवत होती. "तुमच्या तोंडाकडं बघवंना, भावजी. आमाला बायकांना चार शब्द खायची सवय असते. तुमाला नाय ती."

यापेक्षा तिनं दोन थोबाडीत मारल्या असत्या तर त्याला हलकं वाटलं असतं. तो चाचरत म्हणाला, "त्या जागेतली अर्धी तुमची. तुमी भाजी करा हितं."

"ती आमचीच व्हती, भावजी," गोदूबाई म्हणाली आणि बादली उचलून आत गेली. तिनं हे रागानं म्हटलं नव्हतं. ऊन पडलंय म्हणावं तसं म्हटलं होतं.

जळक्या कडेला जी हरळी उरली होती ती त्यानं विळ्यानं मुळापासून कापली आणि गाईपुढे नेऊन टाकली. मग कुदळ घेतली. भाजलेली जमीन लोण्यासारखी निघाली. त्याला वाटलं, निदान जमिनीनं तरी थोडा त्रास द्यावा. राख मिसळली, ढेकळं फोडली, हरळीची काळी मुळं वेचून उन्हात टाकली. रोज सकाळी उठून बघावं तर गडग्यावर शेणखताची पाटी ठेवलेली असे. कुणी ठेवली हे विचारायचं कारण नव्हतं. पाटी रिकामी करून तो परत ठेवी, आणि खालच्या मानेनं वाफे बांधी. पलीकडच्या अर्ध्या जागेत गोदूबाई आपले वाफे बांधी. बी तिच्याकडेच होतं, राखेत घालून चुलीवरच्या शिंक्यात जपलेलं. तिनं त्यालाही दिलं. माठ भराभर उगवला, पडवळाला दोन पानं आली. भाजी अशी तरारली की येणारा जाणारा म्हणे, गोदूबाईनं चुकून का होईना, दिराचं भलंच केलं.

रावजीच्या घरी तो एकदा गेलाही, सगळं सांगून टाकायला. रावजीनं पाट दिला, सुपारी कातरली आणि म्हणाला, "तुजा उपकार हाय वाडीवर, आत्माराम. तू नसतास तर राख झाली असती." आत्माराम आंब्याच्या मोहोराबद्दल चार गोष्टी बोलला आणि सुपारी तोंडात धरून परत आला. खाई त्याला खवखवे म्हणतात. त्याला तर ती सुपारीसुद्धा गिळवेना.

शिमगा आला. ऊन कललं तेव्हा पालखी सहाणेवर बसली होती. ढोल थांबले. सगळा गाव गोल करून उभा राहिला. रावजीनं नाव पुकारलं आणि बायकांच्या घोळक्यातून गोदूबाई पुढे आली. हातात नारळ. फोडांचे डाग अजून गेले नव्हते. डोक्यावरचा पदर तिनं पुढे ओढून घेतला होता, आणि पोक्त बाई लहान पोरीसारखी पायाच्या अंगठ्यानं माती उकरत होती. मागून कुणीतरी खुसखुसलं. तिला शब्द खायची सवय होती म्हणे. आत्मारामनं तिला तसं उभं पाहिलं आणि त्याला कळलं की अशी सवय कुणालाच नसते.

तो गर्दीतून पुढे घुसला. "थांबा! इस्तव त्यांनी नाय लावलान. मी लावला. माजी चूक हाय ती."

त्याच्या छातीवरचं ओझं उतरू लागलं, एवढ्यात रावजीचे डोळे भरून आले.

"बघा," रावजी गावाकडे वळून म्हणाला, "बघा रे ह्येला म्हनतात मानूस! बाग गेली, वर भावजयीचा दोष अंगावर घेतोय. गंगारामाच्या मागं वहिनीची लाज राखतोय."

"नाय, नाय, खराच मी लावला!" आत्माराम ओरडला. "पातेरा मी जमवला व्हता. आंब्याला म्हनून सांगितला ता खोटा. तुमी बघितलात मला पातेरा नेताना!"

"व्हय, आंब्याला," कुणीतरी म्हणालं. "अरं, तू आपली बाग जाळशील? गाईला वर पाय ठेवू दिला नाहीस तू!" लोक हसले, पण किती मायेनं! ती माणसं त्याला इतक्या मायेनं कधी हसली नव्हती.

तो गोदूबाईकडे वळला. "वहिनी, तुमी सांगा. देवापुढं सांगा."

गोदूबाईनं पदराआडून त्याच्याकडे पाहिलं. ज्या गावकीपुढे एकदा एक सांगितलं, तिच्यापुढे आता देवासमोर उलटं सांगायचं म्हणजे खोटेपणाचा दुसरा नारळ. आणि सांगितलं तरी कोण मानणार होतं? ती हळूच म्हणाली, "पुरे, भावजी. उशीर झाला." आणि तिनं नारळ देवापुढे ठेवला.

रावजीनं गाऱ्हाणं घातलं, गावानं "व्हय म्हाराजा" म्हटलं, ढोल कडाडले. मग रावजी आत्मारामचा हात धरून पालखीकडे घेऊन गेला. "यंदा पयला खांदा ह्येचा," त्यानं जाहीर केलं. मुंबईहून दर शिमग्याला गावी येई तेव्हा आत्माराम या खांद्याची आशा करी, आणि दर वर्षी मान दुसऱ्याला मिळे. त्यानं हात सोडवून घ्यायचा प्रयत्न केला. लोकांनी तो विनय समजून त्याला आणखी पुढे ढकललं.

दांडा खांद्यावर आला. सहाणेच्या कडेला बायका हात जोडून उभ्या होत्या, त्यांत गोदूबाई होती. पालखी तिच्या समोरून गेली तेव्हा तिनं वाकून नमस्कार केला. आत्मारामच्या डोळ्यांतून धारा लागल्या. हात दांड्याला होते, त्यामुळे त्या पुसता येईनात. शेजारचा गडी मागच्याला म्हणाला, "बघितलास, देवावर भाव कसा हाय ता?"